कातळावरचे ऊन आणि कर्करोगाची पेशी

मे महिन्याच्या भर दुपारी हर्णैच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की कातळाला घट्ट चिकटलेली कालवे उघडी पडतात आणि भरतीचे पाणी परत येईपर्यंत शिंपले मिटून उन्हात तापत राहतात. अनवाणी पाय टेकवत नाही अशा त्या दगडावर ती तगतात, याचे एक कारण म्हणजे उष्णता वाढताच त्यांच्या पेशी ‘हीट शॉक प्रथिने’, म्हणजे बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांना सावरणारी प्रथिने, बनवू लागतात. हीच यंत्रणा माणसाच्या पेशीत आहे, आणि कर्करोगाच्या पेशीतही.

तिचा पहिला माग इटलीतील शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोस्सा यांना फळमाशीत लागला. इन्क्युबेटरचे तापमान चुकून वाढले होते आणि माशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर नवेच फुगवटे आले होते. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झाले. ते फुगवटे म्हणजे जागी झालेली जनुके होती.

प्रयोगशाळेत मानवी पेशी ३७ अंश सेल्सिअसला वाढवतात. तापमान ४१-४२ अंशांवर, म्हणजे कडक तापाइतके नेले, की आतील प्रथिनांच्या घड्या सैल होऊ लागतात. त्या सावरणारी प्रथिने तिकडे धावतात आणि त्यांनी एरवी अडवून धरलेले ‘एचएसएफ-१’ हे जनुके जागी करणारे प्रथिन मोकळे होते. त्याचे तीन रेणू एकत्र येऊन डीएनएवरील ठरावीक जागी बसतात आणि काही मिनिटांतच ‘एचएसपी-७०’ या हीट शॉक प्रथिनाच्या जनुकाचे संदेश भराभर निघू लागतात, तर इतर असंख्य जनुकांचे काम मंदावते. उष्णता आणखी वाढली तर जनुकांच्या संदेशांतील अनावश्यक तुकडे कापून उरलेले जोडण्याचे कामही बिघडते. पण या जनुकात असे तुकडेच नसल्याने त्याचा संदेश अडत नाही. ही रचना पाहून थक्क व्हायला होते.

कर्करोगाच्या पेशीत बिघडलेली प्रथिने मुळातच पुष्कळ असतात, म्हणून अनेक गाठींमध्ये ही यंत्रणा उष्णतेवाचूनही सुरू असते. ‘एचएसएफ-१’ नसलेल्या उंदरांमध्ये गाठी कमी होतात, असे २००७ मध्ये दिसले.

काही रुग्णांत रेडिएशनच्या जोडीने गाठ ४० ते ४३ अंशांपर्यंत तापवतात, कारण उष्णतेमुळे डीएनएची दुरुस्ती रखडते. घरी गाठीवर दिलेला शेक म्हणजे हा उपचार नव्हे, हे कळकळीने सांगावेसे वाटते. रुग्णालयातही तो रोज देत नाहीत: एकदा तापलेली पेशी सावरणाऱ्या प्रथिनांचा साठा करून पुढचे दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाही, म्हणून तो साठा ओसरेपर्यंत डॉक्टर थांबतात.