वाळवंटातला सायब

नमस्कार मंडळी.

माझं आजोळ पेडण्याचं. लहानपणी डिसेंबरच्या सुट्टीत आई आम्हाला जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला न्यायची. आम्ही हिंदू, पण ३ डिसेंबरला गर्दीत उभं राहून बॉम जेजूच्या बासिलिकेत हात जोडायचो. आजी त्या संताला फक्त 'सायब' म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी आई इकडे ॲरिझोनात आली, तेव्हा तिला मी टूसॉनच्या दक्षिणेला सान झेवियर देल बाक हे जुनं मिशन चर्च बघायला नेलं. नाव ऐकल्याबरोबर तिनं विचारलं, "आपला झेवियर? इथे?" हो, आपलाच. किनो नावाचा पाद्री, झेवियरसारखाच जेझुइट या कॅथलिक संघाचा, तरुणपणी मोठ्या आजारातून उठला आणि त्यानं या संताच्या नावानं आपल्या नावात फ्रान्सिस्को जोडलं. त्याला जायचं होतं पूर्वेकडे. वाट्याला आला मेक्सिको; हा भाग तेव्हा त्यातच होता. १६९२ साली तो इथल्या मूळच्या ओओधाम लोकांच्या 'वाक' या गावी पोहोचला. वाक म्हणजे जिथे पाणी वर येतं ती जागा. स्पॅनिश जिभेवर तिचं 'बाक' झालं आणि गावाला त्यानं आपल्या संताचं नाव दिलं.

आज उभं आहे ते चर्च मात्र नंतरचं, १७८३ ते १७९७ मधलं. तोवर स्पेनच्या राजानं जेझुइटांना हाकललं होतं आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे पाद्री आले होते. एका गुराख्या जमीनदाराकडून ७,००० पेसो कर्ज काढलं, इग्नासियो गाओना हा गवंड्यांचा म्होरक्या आणला. कष्ट मात्र ओओधामांचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण १७५१ साली याच लोकांनी मिशनांविरुद्ध बंड केलं होतं. ही इमारत केवळ भक्तीतून उभी राहिली असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल.

बाहेरून दोन पांढरे बुरूज, त्यातला पूर्वेकडचा घुमटाविना अर्धवटच राहिलेला. मधे तांबूस, नक्षीनं गच्च भरलेलं प्रवेशद्वार. आत शिरलात की वाळवंट विसरायला होतं. वेदीमागची भव्य पडदी लाकडाची नाही. विटा आणि चुन्यात घडवून रंगवलेली आहे. तिच्यातले खांब वर रुंद आणि खाली निमुळते, उलटे धरल्यासारखे. मेक्सिकन बरोक या नक्षीदार शैलीची ही खास ओळख. संगमरवर मिळेना, म्हणून भिंतींवर संगमरवराच्या रेषा रंगवल्या. भिंतीवरून फ्रान्सिस्कनांच्या कमरेची गाठी मारलेली दोरी चुन्यात फिरवली आहे. मला ती दोरी सगळ्यात आवडते.

आता चुन्याविषयी, कारण माझं मन खरं तिथेच अडकलं. गेल्या शतकात या चर्चच्या बाहेरून सिमेंटचा गिलावा केला गेला. सिमेंट श्वास घेऊ देत नाही. आत शिरलेलं पाणी अडकलं, भिंती ओलावल्या, आतली चित्रं सुटू लागली. मग सिमेंट काढून पुन्हा चुना लावला, आणि त्यात घातला फड्या निवडुंगाचा चिकट रस. इथले जुने कारागीर हेच करत. आईनं हे ऐकलं आणि लगेच म्हणाली, "आपल्याकडे गूळ आणि बेलफळ घालायचे, तसंच." चुन्याची घाणी आपल्या किल्ल्यांवर आजही दिसते. तिकडे बॉम जेजूचं उलटं झालं. तिथला गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला, आणि तेव्हापासून जांभा दगड दर पावसाळ्यात झिजतो आहे. एक चर्च चुकीच्या गिलाव्यानं आजारी पडलं, दुसरं गिलावा नसल्यानं. गिलावा म्हणजे इमारतीची कातडी, हे मला इथे कळलं.

१९९२ ते १९९७ या काळात आतली चित्रं आणि मूर्ती स्वच्छ झाल्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ओओधाम तरुणांना हाताशी घेऊन ते काम शिकवलं. हक्क त्यांचाच होता. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर इथे कायमचा पाद्री उरला नाही, त्या काळात चर्च सांभाळलं ते याच गावानं. १८४८ साली जवळचं तुमाकाकोरी मिशन ओस पडलं, तेव्हा तिथल्या मूर्तीही लोकांनी इथे आणून ठेवल्या.

पश्चिमेकडच्या बाजूला झेवियरची निजलेली मूर्ती आहे, अंगावर पांघरूण. पांघरुणाला टाचण्यांनी टोचलेले इवले धातूचे हात, पाय, हृदयं. मुंबईकरांना माऊंट मेरीचे मेणाचे हातपाय आठवतील. नवस तोच. लोक रांगेत येतात, मूर्तीचं डोकं हळूच उचलतात आणि पुन्हा ठेवतात. गोव्यात देह चांदीच्या पेटीत, उंचावर, कुणाचाही हात न पोहोचणारा. इथे मात्र तो हाताशी.

आई पुढे झाली. दोन्ही तळवे डोक्याखाली घातले, लहान मुलाला उचलावं तसं उचललं, आणि कोकणीत म्हणाली, "सायबा, तूं हांगाय आसा?"

येत्या ३ डिसेंबरला आम्ही काही घरं मिळून तिकडे जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी मेळावा संपल्यावर मला भेटा. गाड्यांत अजून जागा आहे.