कपाशीतून गेलेला वाघ

[दृश्य : पहाट. कपाशीच्या सऱ्या. ओल्या मातीत उमटलेला पंजा.]

या वाटेने रात्री वाघ गेला. सकाळी याच वाटेने माणसं निंदणाला आली. बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

हा टिपेश्वरचा वाघ. यवतमाळ जिल्ह्यातलं हे अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथे २०१६च्या अखेरीस तो जन्मला. दोन वर्षं आईच्या मागे राहून दबा धरायला, सावजाचं नरडं पकडायला शिकला. पण वयात आलेल्या नराला बापाच्या हद्दीत जागा नसते. राहिला तर झुंज, नाहीतर वाट धरायची.

जून २०१९. त्याने वाट धरली.

[दृश्य : नकाशा. सरकणारा ठिपका.]

गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेने बसवलेला रेडिओ पट्टा होता, म्हणून आपल्याला हे सगळं कळलं. आधी तेलंगणातलं आदिलाबाद. मग पुन्हा महाराष्ट्रात, नांदेड, हिंगोली, आणि शेवटी बुलढाणा. नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरहून जास्त! सरळ रेषेत नव्हे हं. पुढे जाई, अडे, मागे वळे. दिवसा नाल्यातल्या झुडपात नाहीतर उभ्या पिकात पडून राहायचा. अंधार पडला की रस्ते ओलांडायचा. भूक लागली की रानडुक्कर, कधी गावातलं जनावर. एकदा काही माणसं थेट तो बसलेल्या झुडपातच शिरली, तेव्हा एक जण जखमी झाला. बाकी इतक्या शेतांतून, इतक्या गावांजवळून गेला, पण माणसाच्या वाटेला गेला नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘वॉकर’.

[दृश्य : ज्ञानगंगा अभयारण्य. सागाची पानगळ.]

बुलढाण्यातल्या या ज्ञानगंगेत तो थांबला. २०५ चौरस किलोमीटर जंगल, खायला नीलगाय, रानडुक्कर, आणि झुंजायला दुसरा नर नाही. प्रत्येक वाघ हद्द आखतो तशी त्यानेही आखायची. शेपटी वर करून खोडावर मुताची पिचकारी मारायची. त्या वासात शिजत्या बासमतीची झाक असते, कारण सुगंधी भातातलं तेच द्रव्य त्यात असतं. दुसऱ्या नराला तो वास म्हणजे ताकीद, वाघिणीला आवतण.

एप्रिल २०२०मध्ये त्याच्या गळ्यातला पट्टा उतरवला. तोवर त्या अख्ख्या जंगलात एकही वाघीण नव्हती.