हाडाला हाड, मांसाला मांस

श्रोतेहो, नमस्कार.

दृष्ट कशी काढतात, हे तुम्हाला सांगायला नको. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या गेलिक बोलणाऱ्या बेटांवर मीठ-मोहरीऐवजी पाणी घेत. ज्या पुलावरून जिवंत माणसं चालत जातात आणि मेलेली खांद्यावरून जातात, त्या पुलाखालचं पाणी. त्यात चांदीचं नाणं टाकायचं, मंत्र म्हणायचा आणि पाणी शिंपडायचं. गाय आटली तरी हेच, पोर किरकिरं झालं तरी हेच. माणसाला आणि जनावराला एकच इलाज, बरं का.

हे मंत्र अलेक्झांडर कारमायकेल यांनी उतरवून घेतले. नोकरी अबकारी खात्यात, पण बेटोबेटी फिरून लोकांच्या चुलीपाशी बसले आणि १९०० साली दोन खंड छापले. तुमच्या आईच्या ओव्याही वहीत लिहून काढा हो! नुसत्या मोबाइलमध्ये ठेवता, फोन बदलला की त्या गेल्या.

आता माझी आवडती गोष्ट. आमचे संस्कृतचे सर घसरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. चौकशीला फोन केला. म्हटलं, सर, मुरगळलेल्या पायाचा एक गेलिक मंत्र ऐका. संत ब्रिजिड भल्या पहाटे घोड्यांची जोडी घेऊन निघाली. एका घोड्याचा पाय मोडला. तिने हाडाला हाड लावलं, मांसाला मांस लावलं, शिरेला शीर लावली. तिने जसा तो बरा केला, तसा मी हा बरा करो.

हाडाला हाड, मांसाला मांस. पलीकडे सर गप्प. मला वाटलं, फोन कटला. मग हळूच आवाज आला, "मांसं मांसेन रोहतु." अथर्ववेद, चौथं कांड, बारावं सूक्त! मज्जेला मज्जा मिळो, कातडीला कातडी, मांस मांसाने वाढो. श्रोतेहो, कुठे ती बेटं आणि कुठे अथर्ववेद! माझ्या अंगावर काटा आला.

सर म्हणाले, "पुढचं ऐक. ऋभू, म्हणजे वेदांतला कुशल कारागीर देव, रथाचे भाग जुळवतो, तसे सांधे जुळू देत, असंही आहे यात." आणि थांबून विचारलं, "त्या घोड्याला पुढे काय म्हणाली ती?"

म्हटलं, सर, मंत्र तिथेच संपतो.

"आपला नाही संपत," सर म्हणाले, आणि प्लास्टरवर टिचकी मारल्याचा आवाज मला फोनवर स्पष्ट ऐकू आला. "ऊठ, चाल, धाव. चांगल्या चाकांच्या रथासारखा उभा राहा."