इस्तंबूलच्या गल्ल्यात सांगलीचं हळकुंड

श्रोतेहो, नमस्कार. मार्चमध्ये आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातून नुसते चालत गेलात, तरी हळदीचा वास कपड्यांबरोबर घरी येतो. तिथं आमची अडत आहे. त्यामुळे परदेशात गेले तरी माझे पाय आधी बाजाराकडेच वळतात. आज सांगते इस्तंबूलच्या मसाल्यांच्या बाजाराचं, मिसर चार्शीचं.

मिसर म्हणजे इजिप्त. इजिप्तहून येणाऱ्या महसुलातून १६६०च्या दशकात हा बाजार उभा राहिला, म्हणून ते नाव. मक्यालाही तुर्की भाषेत हाच शब्द आहे आणि बाहेर गाड्यांवर कणसं भाजत असतात! शेजारी चेस्टनट. प्रत्येक फळाला आधी सुरीनं चीर देतात, नाहीतर भाजताना ते फुटतं. शाकाहारी माणसानं तिळात घोळवलेला सिमित पाव घ्यावा. रस्त्यावर खाताना एकच बघा: डोळ्यांदेखत भाजलेलं आणि गरम. पुन्हा सांगते, डोळ्यांदेखत आणि गरम. कापून ठेवलेली फळं नकोत.

जाता जाता मनातलं एक बोलते. तिकडे दुकानदार आधी हातावर बेदाणे ठेवतो, मग भाव सांगतो. आपल्या तासगावचा बेदाणा एवढा गोड, मग आपण गिऱ्हाइकाच्या हातावर चार दाणे का ठेवत नाही? यार्डात मी हे दरवर्षी बोलते.

तर, मिसर चार्शी. एका गाळ्यावर पिवळ्या पुडीचा उंच ढीग आणि वर पाटी, ‘इंडियन सॅफ्रन’. पोरगा हाक मारतोय, “आब्ला, आब्ला!” आब्ला म्हणजे ताई. मी चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्यानं रगडली. तोच कडसर, मातीचा वास. म्हटलं, “दादा, हे केशर नाही, ही हळद.” तो मान्य करेना.

प्रवासाला निघताना सासूबाई माझ्या पर्समध्ये शुभाचं म्हणून एक हळकुंड टाकतात. ते काढलं आणि त्याच्याच पितळी बत्त्यानं फोडलं. आत गर्द नारिंगी! त्यानं तुकडा नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला आणि हळूच म्हणाला, “झेर्देचाल.” हळदीला ते झेर्देचाल म्हणतात. आपण जर्द पिवळा म्हणतो ना, तोच हा जर्द!

मग चहा आला, चिमुकल्या कमरदार पेल्यांतून. त्यानं फळीखालून एक डबी काढली, खरं केशर. दोन काड्या पाण्यात सोडल्या. रंग सावकाश उतरला, काडी मात्र लालच राहिली. दुसऱ्या पेल्यात ढिगातली पुडी टाकली, पाणी तत्क्षणी पिवळं. लक्षात ठेवा श्रोतेहो, खरं केशर रंग सावकाश सोडतं आणि काडी लालच राहते.

निघताना मी उरलेलं हळकुंड त्याला दिलं. सांगलीत काय करतात ते खुणेनं दाखवलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि गल्ल्यात, नोटांच्या वर ठेवलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पर्स उघडली. “हळकुंड कुठंय गं?” मी सगळं सांगितलं. त्या उठल्या, डब्यातून दुसरं हळकुंड काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

नमस्कार.