काळ्या धाग्यांवरची वीज

(दृश्य: टेबलावर दोन तारा, त्यांच्यावर आडवे अंथरलेले काळे धागे)

टायटॅनियमच्या दोन तारा आणि त्यांच्यामध्ये धरलेले कार्बनचे धागे. एकेक धागा जेमतेम 7 मायक्रोमीटर जाडीचा. तारांना पीळ बसायला लागला की धागे चहूबाजूंनी ताठ उभे राहतात आणि बाटली धुवायच्या ब्रशसारखा ब्रश तयार होतो. सूक्ष्मजीव इंधन घटाचा, म्हणजे जिवाणूंपासून वीज मिळवणाऱ्या घटाचा, अ‍ॅनोड तो हाच. जिवाणू यावरच वाढणार, आणि त्यांनी सोडलेले इलेक्ट्रॉन याच तारेतून बाहेर येणार.

(दृश्य: अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा, ब्रश आत सरकतो)

घट एवढासाच. आतली पोकळी 4 सेंटीमीटर लांब, 3 सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे 28 मिलिलिटर पाणी मावेल इतकी. अनेक प्रयोगशाळांमध्ये हेच माप वापरतात. एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला कॅथोडची चकती, म्हणजे तारेतून गेलेले इलेक्ट्रॉन जिथे पोचतात ती. चकतीची एक बाजू पाण्याला टेकलेली, दुसरी उघड्या हवेला. पाण्यात अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार. जिओबॅक्टर नावाचे जिवाणू ते खातात आणि अ‍ॅसिटेटच्या प्रत्येक रेणूमागे 8 इलेक्ट्रॉन मोकळे होतात. आपल्या पेशी हे इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतात. जिओबॅक्टर मात्र ते पेशीबाहेरच्या घन पदार्थाला देऊ शकतो. नदीच्या गाळात लोहाच्या खनिजांना, इथे कार्बनला.

डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मायकल पॉटर यांनी 1911 सालीच यीस्ट आणि जिवाणूंपासून वीज मिळते हे दाखवलं होतं. त्यांचे इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते. तेव्हापासून या घटाचा विषय निघाला की सगळा भाव जिवाणूच खाऊन जातात. घट जोमाने चालेल की रखडेल, हे मात्र बऱ्याच अंशी हा ब्रश आणि ती चकती ठरवतात.

(दृश्य: भट्टीचं दार उघडतं, ब्रश आत ठेवला जातो)

तापमान 450 अंश सेल्सियस, वेळ 30 मिनिटं. कारखान्यातून येणाऱ्या धाग्यांवर पॉलिमरचा पातळ लेप असतो. हाताळताना धागे तुटू नयेत म्हणून तो दिलेला असतो, पण जिवाणूंना तो आड येतो. भट्टीत तो जळून जातो आणि खालचा कार्बन किंचित खरबरीत होतो. कार्बनच्या कापडावर अमोनिया वायूत, 700 अंशांवर, अशीच प्रक्रिया करतात. त्याने पृष्ठभागावरचा धन प्रभार वाढतो. जिवाणूंच्या पेशीभित्तीवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते लवकर चिकटतात आणि घट लवकर सुरू होतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली धागा, आधी कोरा, नंतर थराने झाकलेला)

हा तांबूस रंग पाहा. जिओबॅक्टरच्या सायटोक्रोम प्रथिनांमध्ये लोह असतं, त्याचा हा रंग. इलेक्ट्रॉन पेशीबाहेर पोचवण्याचं काम हीच प्रथिनं करतात.

आता शेजारची चौकट. हा सक्रिय कार्बन. एका ग्रॅमचं पृष्ठफळ 1000 चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतं. अ‍ॅनोडसाठी याहून चांगलं काय, असं वाटेल. पण ते पृष्ठफळ काही नॅनोमीटरच्या छिद्रांमध्ये दडलेलं आहे आणि जिवाणू 1 ते 3 मायक्रोमीटर लांब. तो आत शिरणारच नाही. जिथे जिवाणू पोचत नाही, ते क्षेत्रफळ अ‍ॅनोडपुरतं फक्त कागदावरचं. कार्बन फेल्टची, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या नमद्याची, छिद्रं बरीच मोठी, तिथे जिवाणू आत जातात. पण थर वाढला की वाटा बुजतात, अन्न आत पोचेनासं होतं आणि आम्ल आत साचतं. ब्रश चहूबाजूंनी मोकळा राहतो, म्हणून तो इतका वापरला जातो.

मग सरळ धातूच का घेऊ नये? तांबं कार्बनपेक्षा कितीतरी चांगलं वाहक आहे. पण ते गंजतं आणि तांब्याचे आयन जिवाणूंना मारक ठरतात, हा जुना समज. 2015 मध्ये जर्मन संशोधकांनी तांब्यावर आणि चांदीवरही जिओबॅक्टरचा जाड थर वाढवून दाखवला, तेव्हा या समजाला धक्का बसला. तरी रोजच्या वापरात कार्बनच पुढे आहे.

(दृश्य: कॅथोडची चकती चिमट्याने सुटी होते, आतल्या बाजूला पांढरे पापुद्रे)

खरी अडचण या चकतीत आहे. इथे हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी तयार होतं. ही क्रिया आपणहून फार मंद चालते, तिला उत्प्रेरक लागतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं प्लॅटिनम वापरलं गेलं, साधारण दर चौरस सेंटीमीटरला अर्धा मिलिग्रॅम. पण घट सांडपाण्यावर चालवला की त्यातल्या सल्फाइडने ते निकामी होत जातं. 2009 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या ब्रूस लोगन यांच्या गटाने दाखवलं, की अ‍ॅनोडला न चाललेला तोच सक्रिय कार्बन कॅथोडवर प्लॅटिनमच्या तोडीचं काम करतो. ऑक्सिजनच्या रेणूला नॅनोमीटरची छिद्रं पुरतात. हा कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही बनतो.

त्याच गटाने घरगुती सांडपाण्यावर मोजून पाहिलं. अ‍ॅनोड दुप्पट केला तर शक्ती 12 टक्क्यांनी वाढली. कॅथोड दुप्पट केला तर 62 टक्क्यांनी.

(दृश्य: मल्टीमीटर)

1000 ओहमच्या रोधावर अर्धा व्होल्ट, म्हणजे पाव मिलिवॅट. यातून घरं उजळणार नाहीत. सांडपाणी शुद्ध करताना हवा फुंकायला लागणारी वीज वाचू शकते आणि गाळही कमी होतो.

(दृश्य: मोठी टाकी, ब्रशच्या रांगा)

मोठ्या टाकीचा हिशोब कॅथोडपासूनच मांडायला हवा. छोट्या घटात 28 मिलिलिटर पाण्याला 7 चौरस सेंटीमीटर कॅथोड आहे. हेच प्रमाण राखायचं तर 1000 लिटरला 25 चौरस मीटर कॅथोड लागेल. प्लॅटिनम वापरलं तर एका टाकीत 125 ग्रॅम. हे परवडणारं नाही, ते कार्बननेच करावं लागेल. आणि ते पांढरे पापुद्रे, म्हणजे कॅथोडपाशी पाणी अल्कधर्मी होऊन बसलेले कॅल्शियमचे क्षार, सौम्य आम्लाने विरघळतात. छोटी चकती सोडवून धुणं सोपं आहे. 25 चौरस मीटरचा कॅथोड टाकीतच, घट न थांबवता धुता यायला हवा.