सीईटी की जेईई? आधी गणिताचा पेपर सोडवून बघा

(सांगलीत अकरावीच्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. दहावीचा निकाल लागला, की विश्रामबागेच्या रस्त्यावर क्लासचे फलक झळकायला लागतात. त्यावरचे फोटो आणि पर्सेंटाइल बघून घरात ठरतं, की राज्याची सीईटी नको, आपल्यालाही देशपातळीवरची अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षा, जेईई, करायची. ज्याला करायची त्याला विचारायचं तेवढं राहून जातं. माझं म्हणणं साधं आहे. फी भरण्याआधी दोन्ही परीक्षांचा गणिताचा एकेक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा, आणि मग ठरवा. विषय एकच असला, तरी दोन्हीकडे मागणी वेगळी आहे.

कुठं काय चालतं ते आधी सांगतो. आपलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं. अशा ठिकाणी बहुतेक जागा सीईटीवर भरतात, काही अखिल भारतीय जागा जेईई मेनवर. एनआयटी, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, हवी असेल तर जेईईच्या पहिल्या टप्प्याला, जेईई मेनला, पर्याय नाही, आणि आयआयटीसाठी त्यापुढं दुसरा टप्पा, अ‍ॅडव्हान्स्ड. चुलतभावाचा सल्ला घेताना तो कोणत्या साली बारावी झाला ते विचारा. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातले अभियांत्रिकी प्रवेशही जेईई मेनवर झाले होते. २०१६ ला सीईटी परत आली. त्या दोन वर्षांतल्या कुणाचा सल्ला असेल, तर तो त्या वेळेपुरता बरोबर होता.

आता पेपर. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. चुकलं तर गुण कापत नाहीत. एकूण २०० गुणांत १०० एकट्या गणिताचे, त्यामुळं ज्याचा हात गणितात चालतो त्याला इथं मोठा आधार आहे. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, त्यांतले २५ गणिताचे. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. इथं गणित एक तृतीयांशच, पण वेळ तुमच्या हातात: रसायनात वाचवलेली वीस मिनिटं गणिताला देता येतात. सीईटीत तशी उसनवारी नाही, गणिताची ९० मिनिटं वेगळीच असतात.

फरक डोळ्यांनी बघा. (फळ्यावर लिहीत) हे संकलन: शून्य ते पाय (π) छेद दोन, साइन एक्स भागिले साइन एक्स अधिक कॉस एक्स. ज्यानं बारावीचं पुस्तक नीट केलंय तो पेन न उचलता सांगेल, पाय छेद चार. ही सीईटीची चाल. आता दुसरं. वजा पाय छेद दोन ते अधिक पाय छेद दोन, एक्सचा वर्ग गुणिले कॉस एक्स, आणि छेदात एक अधिक ई चा एक्सवा घात. गुणधर्म त्याच घराण्यातला आहे, पण तो इथं लागू होतो हे आधी दिसलं पाहिजे. दिसलं, की छेद नाहीसा होतो आणि उरतं शून्य ते पाय छेद दोन, एक्स वर्ग कॉस एक्स. मग दोनदा खंडशः संकलन, आणि उत्तर पायचा वर्ग छेद चार, वजा दोन. ही जेईईची चाल. पहिल्या प्रकारात भराभर पन्नास सोडवताना ज्याला मजा येते आणि दुसऱ्यावर पंधरा मिनिटं घालवताना जो वैतागतो, तो कच्चा नाही. त्याची परीक्षा वेगळी आहे.

अभ्यासक्रमही तंतोतंत जुळत नाही. सीईटीत साधारण ८० टक्के बारावीचं आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर. तर्कशास्त्र आणि रेषीय प्रायोजन ही बोर्डाची प्रकरणं सीईटीला येतात, जेईई मेनला आता नाहीत. उलट द्विपद प्रमेय, श्रेढी हे अकरावीचं सामान जेईईला पक्कं लागतं. ‘जेईई केली की सीईटी आपोआप होते’ हे वाक्य म्हणून मला पटत नाही. निम्मं होतं, वेग मात्र वेगळा कमवावा लागतो.

निगेटिव्ह मार्किंगची भीती पोरांच्या मनात फार बसवलेली असते. हिशेब करू. जेईईत चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तर चार वेळांत एकदा ४ मिळणार, तीनदा १ जाणार. सरासरी पाव गुण नफाच. दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले, तर सरासरी दीड गुण. तिथं प्रश्न सोडून देणं हे नुकसान आहे. मात्र पाच प्रश्न आकड्यात उत्तर भरायचे असतात. त्यांना पर्याय नाहीत, आणि चुकलं तर तिथंही १ जातो; तिथं अंदाज नको.

साताऱ्याहून आलेल्यांसाठी एक. सैनिक स्कूल, १९६१ चं, तुमच्याच गावात, म्हणून एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेशपरीक्षेबद्दल नेहमी विचारणा होते. तिथं गणिताचे १२० प्रश्न, ३०० गुण, अडीच तास, आणि चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापतात. हिशेब करा: आंधळ्या अंदाजाची सरासरी तिथं बरोबर शून्य येते.

भाषेचंही बघा. जत-आटपाडीकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो: जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, सीईटीत मात्र गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो.

आता वेळापत्रक. जेईईचं पहिलं सत्र जानेवारीत, मग बोर्ड, मग एप्रिलचं दुसरं सत्र आणि पाठोपाठ सीईटी. दोन्ही फॉर्म भरा, माझी हरकत नाही. पण जानेवारीचा निकाल हातात आला, की घरी बसून एकदा स्पष्ट बोला. एनआयटीच्या आसपासही आकडा नसेल, तर बोर्ड संपल्यावरचे आठवडे सीईटीच्या ९० मिनिटांच्या पेपरांना द्या. आणि बोर्डाकडं दुर्लक्ष नको: एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, तेव्हा जेईईवाल्यांनाही फेब्रुवारीत सुट्टी नाही.

बोला, कुणाला काय विचारायचंय?