दोन वर्षांचा तर प्रश्न आहे

(दृश्य: नागपूर, त्रिमूर्तीनगरमधलं घर. पलंगावर दोन उघड्या बॅगा, बाजूला वजनकाटा.)

नागपूरच्या मिहान उद्योगनगरीत नोकरी करणाऱ्या पोरीला ऑनसाइट, म्हणजे कंपनीतर्फे परदेशातलं काम, मिळालं, जर्मनीला, दोन वर्षांसाठी, की घरात पहिली काळजी थंडीची. ४५ अंशांत वाढलेला जीव बर्फात टिकेल कसा? मग सीताबर्डीवरून थर्मल येतात, कानटोप्या येतात. आत्या स्वतः विणलेला स्वेटर देते. तो न्यावाच लागतो.

खरं सांगायचं तर थंडीचा फार त्रास होत नाही. घरं उबदार, ट्राम उबदार, ऑफिसात तर साध्या शर्टावर बसता येतं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, तो मात्र अंगावर येतो. पण नागपूरची माणसं तिकडे अडतात ती वेगळ्याच गोष्टींपाशी.

(दृश्य जवळून: आईचे हात. सावजी मसाल्याची पुडी.)

मसाल्याची पुडी एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वरून रबर. तरी कपड्यांना वास लागणारच. वडाभाताचा भरडा डब्यात, कुरडया मोडू नयेत म्हणून मधल्या फटींत मोजे कोंबलेले. घरचं कढवलेलं तूप मात्र शेवटी बाहेर काढावं लागतं. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात घालून युरोपीय संघात नेता येत नाहीत. डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांनाही रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. संत्र्याला नाही.

"केळं चालते अन् संत्रा नाही चालत, हे कसं बा?" आईचा प्रश्न. उत्तर कोणाकडेच नसतं.

मसाल्याइतकाच महत्त्वाचा एक कागद निघण्याआधी हातात असलेला बरा. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. कंपनीने तात्पुरतं पाठवलेलं असेल आणि इथल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं प्रमाणपत्र जवळ असेल, तर ४८ महिन्यांपर्यंत तिकडच्या पेन्शनची वर्गणी पगारातून कापली जात नाही.

(दृश्य: जर्मनीतलं स्टुटगार्ट. चढावरची गल्ली. रिकामी खोली.)

भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला धक्का बसतो. स्वयंपाकघराची जागा आहे, स्वयंपाकघर नाही. ओटा, सिंक, शेगडी, सगळं आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला. छतातून नुसत्या वायरी लोंबताहेत, दिवे आपले आपण लावायचे. सगळीच घरं अशी नसतात, पण अशी पुष्कळ असतात. सामानासकट घर घ्यावं तर भाडं ऐकून पोटात गोळा येतो. आणि दोन वर्षांसाठी ओटा कोण विकत घेणार?

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवायचं. त्यासाठी घरमालकाचं पत्र हवं. नोंद झाली की कराचा क्रमांक टपालाने येतो. मागोमाग रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्रही येतं, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही? तरी भरा.

(दृश्य: नागपूर, सकाळ. दूधवाला, कचऱ्याची गाडी, इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा.)

हे सगळं निभतं. निभत नाही ती सकाळ. इथे सात ते दहाच्या दरम्यान दारावर किती माणसं येऊन जातात बघा. दूध येतं, भांडी घासली जातात, भाजीचा ठेला हाक मारतो, रद्दीवाला रद्दी उचलतो. एवढी माणसं आपलं घर चालवतात आणि आपण म्हणतो, मी माझं माझं बघते.

(दृश्य: जिना. दाराच्या मुठीला टांगलेली छोटी पाटी.)

स्टुटगार्टमध्ये पाटी टांगलेली दिसली की जिना झाडायची पाळी आपली. याला केअरवोखे म्हणतात. शहराने १९८८ मध्ये सक्तीचा नियम काढून टाकला, पण भाडेकरारांत तो अजून टिकून आहे. पायऱ्या झाडा, पुसा, कठडा पुसा, मग पाटी शेजारच्या दाराला लावा. एम.टेक. झालेली मुलगी गुडघ्यांवर बसून कोपरा पुसते आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी राहिलेली काडी बोट दाखवून सांगताहेत. हा फोटो नागपूरला पाठवायचा नसतो.

रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली काही, पेट्रोल पंप आणि सकाळची बेकरी सोडली, तर दूधसुद्धा मिळत नाही. ड्रिल मशीन लावायची नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत. आवाज होतो. पोहे-तर्री खाऊन दुपारी भटकायची सवय असलेल्याला ही शांतता कानात वाजते. पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन मात्र साठवून ठेवायचे. २००३ पासून त्यांवर अनामत आहे, नगाला २५ सेंट, मशीनमध्ये टाकले की परत मिळते. आपला रद्दीवाला निदान घासाघीस तरी करतो.

पहिली सावजी फोडणी बहुतेकांची फसते. तेल तापलं, मिरची पडली, की छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागतो. मग खिडकी सताड उघडी, अलार्मखाली पुठ्ठा हलवत खुर्चीवर उभं राहायचं. त्यातच आईचा फोन. ती आपल्या रात्री नऊलाच करते. उन्हाळ्यात तिकडे साडेपाच, ऑफिस सुटलेलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग तोच फोन साडेचारला, भर मीटिंगमध्ये वाजतो. आईला हे दरवर्षी नव्याने समजवावं लागतं.

(दृश्य: खोली. जमिनीवर गादी, खिडकीला पडद्याऐवजी ओढणी.)

आमच्या मते खरी अडचण 'दोन वर्षांचा तर प्रश्न आहे' या वाक्यात आहे. त्यापायी पडदा घेतला जात नाही, चांगली खुर्ची घेतली जात नाही, भाषेचा क्लास पुढच्या महिन्यावर जातो. माणूस दोन वर्षं वेटिंग रूममध्ये बसल्यासारखा राहतो. ज्यांनी पहिल्याच महिन्यात पडदा लावला, त्यांचे दिवस बरे गेलेले दिसतात.

(दृश्य: खोके, चिकटपट्टी. फोनवर व्हॉट्सअॅप ग्रुप.)

परत यायचं तर घर सोडण्याची नोटीस साधारण तीन महिने आधी द्यावी लागते, आणि कंपनी तारीख सांगते महिनाभर आधी. मधलं भाडं वाचवायचं तर पुढचा भाडेकरू शोधून मालकापुढे उभा करावा लागतो, आणि तो बहुधा नागपूरचाच सापडतो. वर्ध्याच्या रस्त्यावरून, मिहानमधूनच, त्याचा फोन येतो. परत निघालेली मुलगी त्याला सांगते, कुकर, तवा, मिक्सर सगळं ठेवून जाते.

"कुकर-गिकर राहू द्या ताई, तो मी आणतोच. तुम्ही लाईट तेवढे काढू नका."